त्याच कॅम्पला कुणी पाच तारे देतं, कुणी एक: कुटुंब घेऊन डोंगरात तंबूत राहायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचं कुटुंब, सहा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा, आणि सोबत अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. हिवाळ्यात डोंगरात, पाण्याकाठी, तंबूत एक रात्र राहायचं आहे. लोणावळ्याजवळचा पवना की घोटीपुढचा भंडारदरा, या दोन धरणांच्या जलाशयांपैकी कुठला, हे ठरत नाहीये. रिव्ह्यू वाचायला घेतले तर एकाच कॅम्पबद्दल एक जण ‘स्वर्ग’ म्हणतो आणि दुसरा ‘परत पाय ठेवणार नाही’. यांत खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलतायत. मी बरीच वर्षं कुटुंबांना आणि शाळेच्या मुलांना सह्याद्रीत मुक्कामाला नेतोय. मधली काही वर्षं भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी छोटा कॅम्पही चालवला. त्यामुळे रिव्ह्यू लिहिणारे आणि ते वाचून कपाळाला हात लावणारे, दोघांनाही जवळून ओळखतो. लोक जागेला तारे देतात, पण भोगलेली असते ती एक विशिष्ट रात्र. मंगळवारी त्या काठावर चार तंबू असतात, मालक स्वतः भाकरी वाढतो आणि रात्री टिटवी ओरडली तर तेवढाच आवाज. त्याच काठावर शनिवारी साठ तंबू लागतात आणि दोन ऑफिसांचे ग्रुप, एक वाढदिवस, एक बॅचलर पार्टी उतरते. जागा तीच, मालक तोच, पिठलंही तेच.

म्हणून रिव्ह्यू वाचताना तारे बघू नका, महिना बघा आणि कोण लिहितंय ते बघा. ‘मित्रांसोबत धमाल, रात्री तीनपर्यंत म्युझिक’ असं लिहून पाच तारे दिलेले असतील, तर तुमच्यासाठी तो एक तारा आहे. उलट ‘काही मजा नाही, दहा वाजता सगळं बंद करायला लावलं’ अशी कुणाची तक्रार दिसली, तर लगेच फोन लावा. सगळ्यांत जास्त माहिती दोन-तीन ताऱ्यांच्या रिव्ह्यूंत असते. ती माणसं चिडलेली नसतात, भारावलेलीही नसतात. गादी पातळ होती, बाथरूमला कडी नव्हती, जेवण साडेदहाला आलं, असं सरळ लिहितात. एकाच आठवड्यात एकदम पंधरा-वीस रिव्ह्यू आलेले असतील आणि सगळ्यांत ‘अप्रतिम निसर्ग, उत्तम सेवा’ एवढंच असेल, तर ते सोडून द्या. मालक तक्रारींना काय उत्तर देतो तेही वाचा. जो पाहुण्यालाच खोटं ठरवतो, तो रात्री बारा वाजता तुमच्या फोनला काय दाद देणार?

फोटो पाहुण्यांनी काढलेले बघा. मालकाच्या ड्रोनच्या फोटोत तंबूंची सुंदर रांग दिसते, पण दोन तंबूंत दीड हात अंतर आहे आणि पलीकडचा माणूस कुशीवर वळला तरी ऐकू येतं, हे त्यात कळत नाही. पाहुण्यांच्या सेल्फीत मागे सगळं असतं: पत्र्याचं संडास, जनरेटर, शेजारच्या कॅम्पची लाइटिंग, काठावरचा कचरा.

आता रात्रीबद्दल बोलू, कारण कुटुंबांचे वाईट अनुभव जवळजवळ सगळे रात्रीचे असतात, आणि त्यांत पहिला नंबर आवाजाचा. पवन्याला तुमचा कॅम्पवाला अगदी सज्जन असला तरी उपयोग मर्यादित आहे. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर या किल्ल्यांमध्ये पसरलेल्या त्या पाण्याच्या काठांवर कॅम्पच कॅम्प झालेत आणि समोरच्या काठावरचं गाणं तुमच्या तंबूत स्पष्ट ऐकू येतं. हिवाळ्याच्या रात्री दरीत थंड हवा तळाशी साचते आणि तिच्यावर त्यामानाने उबदार हवेचा थर बसतो. वर जाणारा आवाज त्या थरातून पुन्हा खाली वळतो. पाण्यावर त्याला अडवायला झाडही नसतं, घरही नसतं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, पण शनिवारी रात्री साडेअकराला तक्रार करायला पोलीस ठाणं गाठणारं कुटुंब मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून बुकिंग करताना ‘तुमच्याकडे म्युझिक असतं का’ असं विचारू नका. ‘नाही हो, फॅमिली कॅम्प आहे’ हेच उत्तर मिळणार. विचारायचं ते हे: ‘तुमच्यापासून सगळ्यांत जवळचा कॅम्प किती लांब आहे, आणि येत्या शनिवारी तिथे कोण येतंय?’ जो खरंच तिथे राहतो, त्याला हे माहीत असतं. जो फक्त पुण्यात बसून बुकिंग घेतो, तो इथे अडखळतो.

संडासाबद्दल मराठी माणूस फोनवर विचारायला लाजतो आणि मग तिथे जाऊन भोगतो. सासूबाईंच्या बाबतीत सगळा कॅम्प याच एका गोष्टीवर ठरणार आहे. कमोड आहे का? तंबूपासून किती पावलांवर? मध्ये उतार, पायऱ्या, ओढा आहे का? वाटेवर रात्रभर दिवा असतो, की जनरेटर बारा वाजता बंद होतो? किती तंबूंमागे एक? दहा तंबूंमागे एक असेल तर सकाळी सातला रांग लागणार, आणि सहा वर्षांच्या मुलीला रांग कळत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ज्यात रांगत शिरावं लागतं अशा घुमटी तंबूतून रात्री दोनदा बाहेर यायला लावणं हा छळ आहे. यावर माझा साधा उपाय आहे, आणि तो मी जवळजवळ प्रत्येक तीन पिढ्यांच्या कुटुंबाला सुचवतो. आजींसाठी पक्की खोली घ्या आणि तिच्याच अंगणात बाकीच्यांचा तंबू लावून घ्या. भंडारदऱ्याच्या परिसरात, शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी या गावांत, घरगुती मुक्कामाची सोय करणारी माणसं आहेत. त्यांच्याकडे हे सहज जमतं. रात्री नात थंडीने उठली तरी आजीच्या कुशीत जायला दहा पावलंच चालायचं असतं. तंबूची हौस फिटते आणि आजी दुसऱ्या दिवशी चालू शकतात.

थंडीचं गणित लोक चुकवतात ते संध्याकाळच्या हवेवरून. सहा वाजता काठावर स्वेटरही नको वाटतो. पण थंड हवा जड असते, ती रात्रभर कळसूबाईच्या रांगेवरून, रतनगडाच्या बाजूने उतारांवरून खाली उतरत राहते आणि तळाशी, म्हणजे नेमकी पाण्याच्या काठाशी, साचते. सगळ्यांत जास्त थंडी पहाटे चार ते सूर्य उगवेपर्यंत असते. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याला पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, काही रात्री त्याच्याही खाली. म्हणून अगदी पाण्याला लागून असलेल्या तंबूपेक्षा थोडा वर, उताराच्या कुशीत लावलेला तंबू उबदार असतो. फोटो मात्र काठाच्या तंबूचाच छान येतो आणि पैसेही त्याचेच जास्त घेतात.

अंगाखालून जाणारी ऊब अंगावरून जाणाऱ्या उबेपेक्षा जास्त त्रास देते. गादी किंवा स्लीपिंग बॅग अंगाच्या वजनाने दबली की तिच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. तेव्हा कॅम्पवाल्याने दोन ब्लँकेटं दिली तर एक खाली अंथरा. घरून फोमची घडीची चटई किंवा जाड सतरंजी आणली तर फारच उत्तम. मुलं संध्याकाळी खेळून घामेजलेली असतात, त्याच सुती कपड्यांत झोपवलं की पहाटे कुडकुडतात. झोपताना आतला कपडा आणि मोजे कोरडे बदला आणि कानटोपी घाला. एवढ्याने निम्मी रडारड वाचते.

‘तंबू गळत होता’ अशी हिवाळ्यातली तक्रार वाचली तर जरा थांबा. पाऊस नसताना तंबू कसा गळेल? चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचं पाणी होतं आणि पहाटे ते टपकतं. थंडी लागते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की आणखीनच. वरची जाळी थोडी उघडी ठेवायची आणि कापडाला अंथरूण टेकू द्यायचं नाही.

थंडीवरून एक गोष्ट मात्र मी ओरडून सांगतो. पेटत्या कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू ‘विझतच आलाय’ म्हणून तंबूत किंवा बंद खोलीत कधीही नेऊ नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस जागा न होताच बेशुद्ध पडतो. मुलांवर त्याचा परिणाम लवकर होतो. कॅम्पवाला प्रेमाने शेगडी आणून देत असेल, तरी हात जोडून परत पाठवा.

साप-विंचवाची भीती सगळ्यांना असते, पण ती चुकीच्या ठिकाणी असते. लोक दिवसा गवतात बघत बसतात. तंबूत झोपणाऱ्याने काळजी करायची ती मण्याराची. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावू शकतो, आणि त्याचा दंश कित्येकदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं यावरून कळतं. अशा वेळी ‘जेवण बाधलं असेल’ म्हणत बसायचं नाही. १०८ला फोन करायचा आणि गाडी काढून राजूर किंवा घोटीच्या दिशेने निघायचं. मांत्रिक नको, चिरणं-चोखणं नको, आवळून बांधणं नको. हे सगळं टळतं ते एका साध्या सवयीने: तंबूची चेन दिवसरात्र पूर्ण बंद, आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी. मुलांना हे खेळासारखं शिकवता येतं. बूट तंबूबाहेर राहिले असतील तर सकाळी झटकूनच घालायचे. लाल विंचवाच्या विषावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवल्यापासून मृत्यू फार कमी झाले, पण तो उपचार दवाखान्यात पोचल्यावर मिळतो. म्हणून कॅम्पवर रात्री चालू स्थितीत एक गाडी आणि ती चालवणारा शुद्धीतला माणूस असतो का, हेही विचारून ठेवा. शेंडी सोडून आत गेलं की मोबाइलची रेंज येते-जाते. कुठल्या कंपनीचं कार्ड तिथे चालतं, तेही आधीच कळलेलं बरं.

पाण्याचं काय? मला विचाराल तर मुलांसाठी खरा धोका तोच आहे. धरणाचा जलाशय म्हणजे समुद्रकिनारा नव्हे. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, म्हणजे पाण्याखाली शंभर वर्षांचा गाळ आहे आणि जुनी शेतं, बांध, ओढ्यांची पात्रंही आहेत. शेतीसाठी आवर्तनं सुटली की पाणी मागे सरकतं, उघडी पडलेली जमीन वरून सुकल्यासारखी दिसते आणि पाय ठेवला की गुडघाभर रुतते. पुढे तळ पायऱ्यापायऱ्यांनी एकदम खोल जातो. पवन्यातही बुडण्याच्या बातम्या सतत येतात, आणि त्यांत पोहता येणारे तरुणही असतात. नियम एकच ठेवा: लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात कुणीही नाही, घोट्यापर्यंतसुद्धा. जॅकेट मुलांच्या मापाचं हवं. मोठ्यांचं जॅकेट सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून निसटून जातं. कॅम्पवर कयाक, झिपलाइन, दोरावरून उतरणं असं काही असेल तर राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केली आहे का, हे बिनधास्त विचारा. नोंदणी केलेला माणूस कागद अभिमानाने दाखवतो.

जेवणाबद्दल थोडंच. ‘अनलिमिटेड बार्बेक्यू’ हा प्रौढांचा खेळ आहे आणि त्यातलं चिकन हमखास आतून कच्चं राहतं. मुलांचं जेवण साडेसातला, वरण-भात किंवा पिठलं-भाकरी, असं आधीच सांगून ठेवा. बहुतेक कॅम्प दहाला जेवण वाढतात, तोवर मुलं वेफर्स खाऊन झोपलेली असतात, आणि आईवडील त्या रिव्ह्यूत लिहितात की जेवण बरं नव्हतं.

मुलांना आवडतं काय, हे मी परत निघताना गाडीत बसलेल्या मुलांनाच विचारत आलोय. झिपलाइनचं नाव क्वचित निघतं. वासरू, शेकोटीत भाजलेला कांदा, चिखल, आजोबांच्या वयाच्या मामांनी सांगितलेली बिबट्याची गोष्ट, आणि आकाश. आकाशासाठी मात्र तारीख निवडावी लागते. पौर्णिमेच्या आसपास तारे धुऊन जातात, तेव्हा अमावास्येच्या जवळपासचे चार-पाच दिवस धरा. डिसेंबर-जानेवारीत जेवणं झाल्यावर पूर्वेकडून मृग वर आलेला असतो, त्याच्या वरच्या बाजूला रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका, खाली झगझगीत व्याध. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे सहा वर्षांच्या मुलीलाही सापडतात, आणि ती ते पुढे गच्चीवरून दाखवते. कॅम्पवाल्याला फक्त वीस मिनिटं लाइटिंग बंद करायला सांगा.

काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, बरेच जण लहान मुलांना घेऊन भंडारदऱ्याला येतात. तो देखावा विलक्षण असतो, सादड्या-हिरड्याचं आख्खं झाड एका तालात लुकलुकतं. पण पहिल्या कॅम्पसाठी मी तो काळ सुचवत नाही. शनिवारी गाड्यांची रांग लागते, हेडलाइटांनी काजवेच विझतात, अभयारण्य असल्याने वन विभागाचे वेळेचे नियम असतात, आणि वळवाच्या पावसात विजा कोसळू लागल्या तर तंबू हा काही आसरा नव्हे. विजा सुरू झाल्या की मुलांना घेऊन पक्क्या घरात किंवा गाडीत बसायचं, ‘पाऊस थांबेल’ म्हणून तंबूत वाट बघायची नाही. पावसाळ्यात तर काठावरचा तंबू नकोच.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर भंडारदरा. पवना डोंबिवलीहून जवळ आहे आणि मधल्या वारी गेलात तर छानही आहे. पण शाळा असलेल्या कुटुंबाला मधला वार जमत नाही आणि शनिवारचा पवना तुमच्यासाठी नाही. भंडारदऱ्यालाही नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा टाळा. त्या दिवसांत दर दुप्पट असतो आणि गोंगाट चौपट. संक्रांतीनंतरचा शनिवार-रविवार किंवा जोडून आलेली सुट्टी बघा, त्यातल्या त्यात अमावास्येजवळची. कसारा-इगतपुरी-घोटीवरून या, उजेडात पोचा. घोटीहून आत आल्यावर वाटेत बारी लागतं, तिथून १,६४६ मीटरची कळसूबाई मुलाला दाखवा, चढायचा हट्ट पुढच्या वर्षीवर ढकला. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर सासूबाईंना झेपेल, गाडी जवळपर्यंत जाते. सांदण दरीत आजींना आणि धाकटीला उतरवू नका, तिथे मोठमोठ्या दगडांवरून उतरावं लागतं.

आणि जमलं तर एक नको, दोन रात्री राहा. पहिल्या रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही, घरी गादीवर झोपणाऱ्या माणसाला लागणारही नाही. सकाळी सगळे चिडचिडे उठतात, आणि एक रात्र राहून परत जाणारे त्याच चिडचिडीत गाडीत बसून रिव्ह्यू लिहितात. दुसऱ्या दिवशी मुलांना संडासाची वाट, कुत्र्याचं नाव, चहाची वेळ माहीत झालेली असते आणि ती तुम्हाला विचारायला येत नाहीत. दोन्ही रात्रींचे पैसे आगाऊ देऊ नका. पहिल्या रात्रीचे द्या, दुसरीचं तिथे पोचून संडास बघितल्यावर ठरवा. घरगुती मुक्कामवाले याला सहसा तयार होतात.